वहीत नसलेली नोंद

आमच्या सोसायटीच्या गेटवर एक वही आहे. आल्या-गेल्याने नाव, वेळ, कोणाकडे, कशासाठी हे लिहायचं. कुरियरवाला नावाच्या रकान्यात ‘कुरियर’ लिहितो आणि कामाच्या रकान्यात ‘काम’. ही वही कोणी वाचल्याचं ऐकिवात नाही. मागच्या सभेत मी यावरून वॉचमनमामांवर भरपूर तोंडसुख घेतलं होतं.

त्यानंतरच मी माळ्यावरच्या जुन्या कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकून घराचा फायरवॉल, म्हणजे इंटरनेटच्या दारावरचा वॉचमन केला. इंटरनेटची वायर आधी त्याच्यात, मग घरात. आयपीटेबल्स या लिनक्सवरच्या पहाऱ्याच्या प्रोग्रामचे नियम लिहिले: न बोलावता येईल त्याला दारातूनच कटवायचं. पण नुसतं कटवण्यात काय मजा? कोण येऊन गेलं ते कळायला नको? म्हणून नोंदीचाही नियम घातला आणि चहा घेऊन लॉगसमोर, म्हणजे त्या नोंदींच्या वहीसमोर बसलो.

तासभर एक ओळ नाही. आपल्या दाराकडे जगात कोणी ढुंकूनही बघत नाही, याचं खरं तर वाईटच वाटलं. मग दिसलं, की नोंदीचा नियम मी कटवण्याच्या नियमाखाली लिहिलाय. आयपीटेबल्स वरून खाली वाचत जातं. वरच्या ओळीत गचांडी मिळालेलं पॅकेट, म्हणजे डेटाचं पुडकं, खाली सही करायला कशाला थांबेल?

क्रम बदलला आणि रीघ लागली. सगळ्यात जास्त गर्दी २३ नंबरच्या पोर्टवर. पोर्ट म्हणजे कॉम्प्युटरचं नंबर घातलेलं दार; हे टेलनेटचं, म्हणजे दुरून यंत्र चालवायच्या जुन्या सोयीचं दार. २०१६ साली मिराई नावाच्या मालवेअरने याच दारातून, कंपनीने दिलेले आणि कोणी कधी न बदललेले पासवर्ड वापरून, जगभरातले कॅमेरे आणि राउटर कह्यात घेतले होते. त्याची पिलावळ अजून दारोदार फिरतेय. त्याखालोखाल २२, म्हणजे त्याच कामाच्या नव्या, कुलूपबंद सोयीचं, एसएसएचचं दार, आणि ४४५, म्हणजे विंडोजच्या फाइल-देवघेवीचं.

“आपल्यावर हल्ला होतोय,” मी बायकोला सांगितलं.

“आपल्यावर? आपल्याकडे आहे काय?”

प्रश्न झोंबला, पण बरोबर होता. आयपीव्ही४ या इंटरनेटच्या जुन्या पद्धतीचे पत्ते सगळे मिळून ४३० कोटींच्या आत-बाहेर. एका वेगवान लाइनवरचा एकच कॉम्प्युटर त्या सगळ्यांचं एक-एक दार पाऊण तासाच्या आत ठोठावू शकतो, हे मिशिगन विद्यापीठातल्या मंडळींनी २०१३ मध्येच करून दाखवलं होतं. त्यात खास माझ्यावर डूख धरण्याइतकी सवड कोणाला?

“म्हणजे वॉटर प्युरिफायर विकणारे,” ती म्हणाली आणि कुकर लावायला गेली.

मग मी घरातल्या बाजूचीही नोंद चालू केली. आमचा टीव्ही दिवसभर २३९.२५५.२५५.२५० या, घरातल्या सगळ्या यंत्रांना एकदम हाक मारायच्या पत्त्यावर ‘कोणी आहे का, कोणी आहे का’ असा पुकारा करतो. शाई वाळून वर्ष झालेला प्रिंटर ‘मी आहे, मी आहे’ म्हणून सांगत असतो. दोघांची गाठ अजून पडलेली नाही.

खरा घोळ तिसऱ्या रात्री झाला. मी नियम केला: सरसकट सगळं नोंदवा. आणि लॅपटॉप घेऊन, एसएसएचने फायरवॉलवर शिरून, पलंगावर पडल्या पडल्या वाहता लॉग बघू लागलो. आता एक ओळ लिहिली, की ती माझ्या स्क्रीनवर यायला एक पॅकेट निघणार. त्या पॅकेटची नोंद होणार. ती नवी ओळ दाखवायला आणखी एक पॅकेट. म्हणजे वॉचमनने वहीत लिहायचं की मी वहीत लिहिलं, आणि मग हेही लिहिलं असं लिहायचं. ओळी डोळ्यांसमोरून अशा पळत होत्या, की मला वाटलं, आज कोणीतरी मोठा मासा लागला. तीन वाजता तसाच झोपलो.

सकाळी डिस्क काठोकाठ भरलेली. लाखो ओळी, आणि जवळजवळ सगळ्यांत एका टोकाला फायरवॉल, दुसऱ्या टोकाला माझा लॅपटॉप, पोर्ट २२. घरातला सर्वांत संशयास्पद इसम मीच निघालो.

मग नोंदींवर लिमिट लावली. आयपीटेबल्समध्ये त्यासाठी असलेल्या मॉड्यूलचं मूळचं माप तासाला ३ नोंदी, सुरुवातीला ५ ची सवलत. तेवढ्यावर आता शांतता आहे. लॉग मी उघडत नाही.

काल दूध आणायला खाली उतरलो तेव्हा वॉचमनमामांनी हटकलं. वही नेहमीसारखी मिटलेली, तिच्यावर चहाचा कप.

“साहेब, तीन रात्री झाल्या, तुमच्या खोलीतला दिवा पहाटेपर्यंत चालू असतो. घरी कोणी आजारी आहे का?”