डिस्क भरली की लॉग फाइल उडवा, हा सल्ला कृपया पुढे पाठवू नका

एक सल्ला जिकडेतिकडे फिरतोय: डॉकर (ॲप वेगवेगळ्या कंटेनरमधे, म्हणजे स्वतंत्र डब्यांत, चालवणारं सॉफ्टवेअर) चे लॉग, म्हणजे ॲपच्या कामाच्या नोंदी, डॉकरच सांभाळतो, काही सेट करू नका, डिस्क भरलीच तर प्रून (न वापरलेलं साफ करणारी डॉकरची कमांड) मारा नाहीतर मोठी लॉग फाइल डिलीट करा. घरी नेक्स्टक्लाउड (स्वतःच्या सर्व्हरवर फाइली-फोटो ठेवायचं ॲप) वगैरे चालवणारे नवीन लोक यावर विसंबून राहतात आणि त्यात त्यांच्या घरचे फोटो असतात, म्हणून लिहितोय.

डॉकर सांभाळतो म्हणे. नाही सांभाळत. लॉग लिहिणारा डीफॉल्ट ड्रायव्हर जेसन-फाइल, त्याला साइजची मर्यादाच नाही, कंटेनर जे काही आउटपुट टाकेल ते एकाच फाइलीत साठत जातं. त्याच डिस्कवर पोस्टग्रेस (डेटाबेस) असेल तर डिस्क भरल्यावर तोही बंद पडू शकतो.

प्रून चालू कंटेनरला हातच लावत नाही, त्यामुळे फुगलेला लॉग तसाच राहतो. उलट थांबलेले कंटेनर उडतात, आणि ते का पडले हे ज्या लॉगमधे बघायचं तोच जातो!

फाइल डिलीट करणं तर अजून वाईट. डॉकरच्या डेमनने (मागे सतत चालणाऱ्या प्रोग्रामने) ती उघडी धरलेली असते, त्यामुळे नाव गेलं तरी जागा सुटत नाही, मग डीएफ (डिस्क किती भरली ते सांगणारी कमांड) म्हणतं डिस्क फुल आणि डीयूला (फाइलींची साइज मोजणारी कमांड) काही सापडत नाही, माणूस रात्रभर शोधत बसतो. ट्रंकेटने (फाइल न उडवता आतून रिकामी करून) जागा सुटते, पण या फाइली फक्त डेमनने हाताळायच्या असं डॉकरच्या डॉक्युमेंटेशनमधेच लिहिलंय, त्यामुळे त्यांच्यावर बाहेरून लॉगरोटेट (लॉग फाइली ठराविक काळाने बदलणारं टूल) लावणंही नको.

"मग डेमन.जेसनमधे दोन ओळी टाका, झालं" असंही कोणी सांगतं (डेमन.जेसन म्हणजे डॉकरची सेटिंगची फाइल). हे अर्धं बरोबर आहे. मॅक्स-साइज 10 एमबी, मॅक्स-फाइल 3 (आकडे कोट्समधेच), डेमन रीस्टार्ट, इथपर्यंत ठीक, पण हे फक्त नव्याने बनणाऱ्या कंटेनरला लागू होतं. जुने नुसते रीस्टार्ट करून उपयोग नाही, कंपोजला (कंटेनर बनवणारं डॉकरचं टूल) फोर्स-रीक्रिएट देऊन परत बनवा आणि डॉकर इन्स्पेक्ट कमांडच्या आउटपुटमधे लॉगकॉन्फिग बघून खात्री करा. माझं मत विचाराल तर सरळ लोकल ड्रायव्हर घ्या, तो 20 एमबीच्या 5 फाइली ठेवतो, जुन्या कॉम्प्रेसही करतो, आणि डॉकर लॉग्स कमांड पहिल्यासारखीच चालते.

आणि जे ॲप स्वतःच फाइलीत लिहितं त्याला यातलं काहीच लागू नाही. नेक्स्टक्लाउडचा लॉग डेटा फोल्डरमधे जातो, त्याची मर्यादा त्याच्याच कॉन्फिगमधे, लॉग-रोटेट-साइज नावाने, डीफॉल्ट 100 एमबी.