कॅटरिना, 26 जुलै आणि दर पावसाळ्यात उगवणारा तो फॉरवर्ड

पाऊस जोर धरू लागला की आमच्या फॅमिली ग्रुपवर 2005 सालचा एक फॉरवर्ड हमखास येतो. अमेरिकेतल्या न्यू ऑर्लिन्सला कॅटरिना वादळात 18 इंच पाऊस, मुंबईत 26 जुलैला 37 इंच. पहिल्या 48 तासांत तिथे 100 मेले, इथे 37. लष्कर तिथे 48 तासांनी पोचलं, इथे 12. तिथे गोळीबार, इथे शून्य. दोन दिवसांत मुंबई रुळावर. सांगा आता, पुढारलेलं कोण?

पावसापासूनच गफलत आहे. सांताक्रूझला 944 मिमी पडला हे खरं (कुलाब्यात जेमतेम 73!). पण न्यू ऑर्लिन्स पावसाने बुडालं नाही. 29 ऑगस्टला बांध आणि कालव्यांच्या भिंती पन्नासहून जास्त ठिकाणी फुटल्या आणि 80 टक्के शहर पाण्याखाली गेलं. बराचसा भाग समुद्रसपाटीखाली, बशीसारखा. आपल्याकडे ओहोटीला पाणी उतरतं. तिथे उपसावं लागलं, ऑक्टोबरपर्यंत. शहर रिकामं केलं ते म्हणून.

37 मृत्यू? एकट्या साकीनाक्याच्या दरडीखाली सत्तरहून जास्त माणसं गेली. मुंबईचा आकडा चारशेच्या वर गेला, पुरानंतरच्या लेप्टो तापाचे बळी वेगळे. दरडीखाली गेलेली महाडकडची जुई, दासगाव ही गावं तर फॉरवर्डवाल्याच्या गावीही नाहीत.

गोळीबाराचं प्रकरण मात्र नीट बघायला हवं. सुपरडोम स्टेडियममध्ये शेकडो प्रेतं पडल्याची आवई उठली होती. सापडली सहा, त्यात खून एकही नाही. पण तशा बातम्यांच्या गदारोळात 31 ऑगस्टला महापौर नेगिन यांनी सुमारे 1,500 पोलीस बचावकार्यातून काढून लुटारूंच्या मागे लावले. माणसं छपरांवर अडकलेली असताना! आणि 4 सप्टेंबरला डॅन्झिगर पुलावर निःशस्त्र लोकांवर गोळ्या झाडल्या त्या पोलिसांनीच. आपणही अफवांपासून सुटलो नव्हतो: 28 जुलैला जुहूच्या नेहरूनगरात पाण्याचा लोंढा येतोय म्हणून पळापळ झाली आणि चेंगराचेंगरीत माणसं मेली.

मदत 48 तास आलीच नाही, हेही खोटं. कोस्ट गार्डची हेलिकॉप्टरं 29 ऑगस्टलाच उडाली. त्यांनी एकूण 33,000 हून जास्त लोक वाचवले. शेजारीपाजारी बोटी घेऊन निघाले ते वेगळेच. बिघडली ती जुळवाजुळव. शहर सोडायचा हुकूम 28 ऑगस्टला निघाला, पण ज्यांच्याकडे गाडी नाही त्यांनी जायचं कसं? शाळांच्या बसगाड्या डेपोतच बुडाल्या. कन्व्हेन्शन सेंटरमध्ये हजारो लोक अन्नपाण्यावाचून बसले होते, टीव्हीवर दिसतही होते. केंद्रीय आपत्ती यंत्रणेचे प्रमुख मायकेल ब्राउन 1 सप्टेंबरला सांगत होते की आपल्याला हे आजच कळलं. बर्फाचे ट्रक भटकत थेट मेन राज्यापर्यंत गेले, देशाच्या पार दुसऱ्या टोकाला. माल होता, कुठे उतरवायचा हे सांगणारं कोणी नव्हतं.

मिरवायचंच असेल तर फॉरवर्डमध्ये नसलेली एक गोष्ट आहे. त्याच सप्टेंबरात आपल्या हवाई दलाचं आयएल-76 विमान ताडपत्र्या, ब्लँकेटं असं 25 टन सामान घेऊन आर्कान्सातल्या लिटल रॉकला उतरलं होतं.