शाईचा डाग, वार्निशचा वास

ताई, वार्निशच्या वासावर टायटॅनियम डायऑक्साइडचा (उजेडात घाण तोडणाऱ्या पांढऱ्या पुडीचा) लेप, हा माझा लेख झोडपलात, पण मुद्द्याला धरून. लेपाच्या लादीवरची निळी शाई उन्हात उडाली, हा त्यातला माझा पुरावा. ‘निळी शाई उन्हात तशीही उडते, त्यावरून टायटॅनियम डायऑक्साइडच्या लेपाने हवा शुद्ध होते हे कसं ठरवलंत?’ हा पहिला आक्षेप. दुसरा असा की, घाण तोडणारे रॅडिकल (कशावरही झडप घालणारे अर्धवट रेणू) पाण्यापासूनच बनतात, तर कोकणच्या दमट हवेत लेप उलट जोरात चालायला हवा. मी मात्र तो मंदावतो म्हटलं.

पहिला आक्षेप मान्य. परवा उघडीप मिळाली तशा दोन लाद्या खळ्यात मांडल्या, एक लेपाची, एक साधी. दोन्हींवर शाईचा एकेक पुसट हात फिरवला. तीन वाजेपर्यंत लेपाची लादी जवळपास कोरी झाली, पण साधीवरचा रंगही अर्धाअधिक उतरला होता. लेखासाठी मी एकच लादी ठेवली होती, तो निव्वळ आळस. शिवाय शाई लादीला चिकटलेली असते. वार्निशचा वास खोलीभर हिंडतो. तो लेपापर्यंत पोचला तरच पुढचं काही.

दुसऱ्यात मात्र तुम्ही अर्ध्यावर थांबलात. अॅनाटेज या स्फटिकप्रकारच्या टायटॅनियम डायऑक्साइडवर साधारण ३८८ नॅनोमीटरपेक्षा कमी तरंगलांबीचा, म्हणजे अतिनील, प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन वर उडतो, मागे धन पोकळी उरते. ही पोकळी पृष्ठभागावरच्या पाण्यापासून हायड्रॉक्सिल रॅडिकल बनवते आणि ते वार्निशच्या वासातल्या टोल्यूइनसारख्या रेणूंचे लचके तोडतात. म्हणून थोडी ओल हवीच. पण लेपावर जागा मोजकी असते. आमच्या पडवीत जुलैत पापड ताटात वाढेपर्यंत मऊ पडतो. असल्या हवेत पाण्याचे रेणू एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकावा तशी आधीच जागा धरून बसतात, टोल्यूइन उभंच राहतं. तुम्ही फुजिशिमा-होंडा या जपानी शास्त्रज्ञांच्या १९७२च्या, टायटॅनियम डायऑक्साइडवर उजेड पाडून पाणी फोडण्याच्या प्रयोगाचा दाखला दिलात. तिथे इलेक्ट्रोड पाण्यातच बुडवलेला होता, कारण फोडायचं होतं ते पाणीच.

विक्रेता सांगत नाही ती गोष्ट वेगळीच. रेणू अर्धवट तुटला तर कार्बन डायऑक्साइड आणि पाण्याऐवजी वाटेत फॉर्मल्डिहाइड हा विषारी वायू बनू शकतो, म्हणजे आगीतून फुफाट्यात. त्यात घरातल्या एलईडी दिव्याच्या उजेडात अतिनील जवळजवळ नसतंच.

‘मग भिंतीच्या पांढऱ्या रंगातला टायटॅनियम डायऑक्साइड काय झोपलेला असतो का?’ असंही विचारलंत. हो, मुद्दाम झोपवलेला असतो! रंगात बहुधा रुटाइल हा दुसरा स्फटिकप्रकार वापरतात आणि त्याच्या कणांवर अॅल्युमिना-सिलिकाचं आवरण देतात. नाहीतर तो रंगाला धरून ठेवणारं बाइंडरच खाऊन टाकेल आणि भिंतीला टेकलं की सदऱ्याला खडूसारखी पांढरी पूड लागेल.

शाईचा परिच्छेद आज काढतोय, त्या जागी दोन्ही लाद्यांचे फोटो टाकतो. नव्या कपाटाच्या वासावर सध्या आमच्याकडे खिडकी उघडी ठेवणं एवढाच उपाय चालू आहे, तोही झड आत येईपर्यंत.