टॅरिफ शत्रूपेक्षा मित्राला जास्त का झोंबतं

टॅरिफची बातमी आली की एक वाक्य हमखास ऐकू येतं, "आता भरू देत त्यांना!" ते भरत नसतात. आयातशुल्क भरतो माल मागवणारा, आणि तोही आपल्याच देशाच्या कस्टम्सकडे. अमेरिकेने चिनी मालावर २५ टक्के लावले की पावती फाटते ती अमेरिकेतल्या आयातदाराच्या नावाने. मग तो चिनी पुरवठादाराकडे भाव पाडून मागतो, थोडं स्वतः सोसतो, उरलेलं गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारतो. कोणाच्या वाट्याला किती, हे त्या वस्तूला दुसरीकडे पर्याय किती लवकर सापडतो यावर ठरतं. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचा प्रश्न पडतो. पावती जर आपलाच माणूस भरतोय, तर देशादेशांत एवढं बिनसतं कशावरून?

माझ्या मते टक्क्यांवरून फारसं बिनसत नाही. बिनसतं ते आदेशात कारण म्हणून जे लिहिलेलं असतं त्यावरून, आणि उलट टोला हाणायची सोय कोणाला आहे न् कोणाला नाही यावरून. दोन्ही बाबतींत मार मित्राला जास्त बसतो.

आधी कारणाचं बघू. जागतिक व्यापार संघटनेच्या (डब्ल्यूटीओ) सदस्यांनी, बहुतेक वस्तूंवर, 'याच्या वर शुल्क नेणार नाही' अशी कमाल मर्यादा लिहून दिलेली असते. ती ओलांडायची तर कारण द्यावं लागतं. परदेशी कंपनी स्वतःच्या घरच्या भावापेक्षा स्वस्तात माल ओततेय, हे एक. तिथल्या सरकारचं अनुदान आहे, हे दुसरं. आयात एकदम फुगल्याने इथला उद्योग कोलमडतोय, हे तिसरं. या तिन्ही वाटा महारटाळ आहेत. तक्रार, चौकशी, कंपन्यांच्या खर्चाचे तक्ते, सुनावण्या, सगळं महिनोन्‌महिने चालतं. पण त्या रटाळपणाचा एक मोठा फायदा असतो. भांडण त्या खात्यापुरतं राहतं. वकील एकमेकांचे गळे धरतात आणि त्याच संध्याकाळी दोन्हीकडचे परराष्ट्रमंत्री एका टेबलावर जेवतात.

चौथी वाट 'राष्ट्रीय सुरक्षे'ची. गॅट, म्हणजे डब्ल्यूटीओच्या मुळाशी असलेला व्यापार करार, त्यात यासाठी कलम २१ आहे. अमेरिकेच्या घरच्या कायद्यात १९६२ च्या ट्रेड एक्स्पान्शन ॲक्टचं कलम २३२ आहे. चौकशी वाणिज्य खातं करतं, निर्णय राष्ट्राध्यक्ष घेतात आणि दर किती लावावा याला वरची मर्यादा नाही. मार्च २०१८ मध्ये याच कलमाखाली पोलादावर २५ आणि ॲल्युमिनियमवर १० टक्के लागले. कॅनडा, मेक्सिको आणि युरोपीय संघ यांना काही आठवड्यांची सूट मिळाली, ती १ जूनला संपली.

कॅनडाच्या बाजूने हे बघा. १९५८ पासून नोराडमध्ये दोन्ही देश एकाच कमांडखाली आकाशावर पहारा देतात. अमेरिकेचा स्वतःचा कायदा कॅनडाच्या कारखान्यांना अमेरिकेच्या संरक्षण-उद्योगाच्या पायाचा भाग मानतो. आणि आता कागदावर लिहिलंय की कॅनडाचं पोलाद अमेरिकेच्या सुरक्षेला धोका आहे. कॅनडाचे तेव्हाचे पंतप्रधान जस्टिन ट्रुडो यांनी याला उघडपणे अपमान म्हटलं आणि अमेरिकी सैनिकांच्या खांद्याला खांदा लावून मेलेल्या कॅनेडियन सैनिकांची आठवण करून दिली. प्रत्युत्तर म्हणून १६.६ अब्ज कॅनेडियन डॉलरच्या मालावर शुल्क बसलं. तारीख १ जुलै, म्हणजे त्यांचा राष्ट्रीय दिवस. मे २०१९ मध्ये दोन्हीकडची शुल्कं उठली. पण म्हातारी मेल्याचं दुःख नसतं, काळ सोकावतो. तेच कलम २०२५ मध्ये पुन्हा निघालं आणि ४ जूनपासून दर ५० टक्के झाला.

दक्षिण कोरियाने २०१८ मध्येच वेगळी वाट धरली होती. शुल्क नको, कोटा द्या. आधीच्या तीन वर्षांच्या सरासरीच्या ७० टक्के पोलाद पाठवायचं, पोलादाच्या प्रकारानुसार वेगवेगळा कोटा. वरवर पाहता सौदा बरा वाटतो. अडचण अशी, की एखाद्या प्रकारचा कोटा भरला की तो माल आत येतच नाही, शुल्क भरायची तयारी असली तरी नाही. ज्या कारखान्याला नेमक्या त्याच जाडीचा पाइप हवा असतो त्याच्यासाठी हे २५ टक्क्यांपेक्षा वाईट. कोट्याला सवलत म्हणणाऱ्यांनी हे जरा लक्षात घ्यावं.

डब्ल्यूटीओकडे दाद मागता येत नाही का? मागता येते. चीन, नॉर्वे, स्वित्झर्लंड आणि तुर्कस्तान यांनी मागितली, आणि डिसेंबर २०२२ मध्ये निकाल अमेरिकेच्या विरोधात गेला. अमेरिकेने अपील केलं. मेख अशी, की अपील ऐकायला तिथे कोणीच नाही. अपील पीठाला एका प्रकरणासाठी तीन सदस्य लागतात, अमेरिकेने नव्या नेमणुका अडवून धरल्या आणि डिसेंबर २०१९ पासून ते पीठ बंद आहे. अपील प्रलंबित म्हणजे निकाल लागू नाही. कोर्ट उघडं, न्यायाधीशाची खुर्ची रिकामी.

आता उलट टोल्याचं. प्रत्युत्तराची यादी कशी बनते हे बघण्यासारखं असतं. आपल्या कारखान्यांना लागणारा कच्चा माल त्यात घालायचा नाही. ज्या वस्तूला दुसरा पुरवठादार आहे ती घ्यायची. आणि ती वस्तू समोरच्या देशात कोणाच्या मतदारसंघात बनते हे नकाशा समोर ठेवून बघायचं. जून २०१८ च्या युरोपच्या यादीत बर्बन व्हिस्की होती, कारण सिनेटमधले बहुमताचे नेते केंटकीचे. हार्ले-डेव्हिडसन होती, कारण प्रतिनिधीगृहाचे सभापती विस्कॉन्सिनचे. हार्लेवरचं शुल्क ६ वरून ३१ टक्के झालं, एका गाडीमागे साधारण २,२०० डॉलरचा बोजा. कंपनीने तो युरोपी गिऱ्हाइकावर टाकला नाही, युरोपसाठीचं उत्पादनच अमेरिकेबाहेर न्यायचं जाहीर केलं. अमेरिकी कारखाने वाचवण्यासाठी सुरू झालेल्या प्रकरणातून हे निघालं.

भारताची चाल मला यात जास्त हुशारीची वाटते. यादी २०१८ मध्येच जाहीर केली आणि अंमलबजावणीची तारीख पुन्हा पुन्हा पुढे ढकलली. ५ जून २०१९ ला अमेरिकेने भारताची जीएसपी सवलत (विकसनशील देशांच्या मालाला मिळणारी शुल्कमाफी) काढली, तेव्हा १६ जूनला बदाम, सफरचंद, अक्रोड यांच्यासह २८ वस्तूंवर वाढीव शुल्क लागू केलं. बदाम कॅलिफोर्नियाचे, सफरचंदं वॉशिंग्टन राज्यातली. वॉशिंग्टनच्या सफरचंदांची गिऱ्हाइकी तेवढ्यात इतर देशांनी पळवली. २०२३ मध्ये डब्ल्यूटीओमधले भारत-अमेरिकेचे सहा वाद एकत्र मिटवले गेले आणि त्या सौद्यात हे शुल्कही गेलं. न झाडलेली गोळी जास्त दिवस कामाला येते, एवढंच त्यातून दिसतं.

वड्याचं तेल वांग्यावर काढायचं उदाहरण हवं तर एअरबस-बोइंग. वाद विमान कंपन्यांच्या अनुदानाचा, सुरू झाला २००४ मध्ये. ऑक्टोबर २०१९ मध्ये अमेरिकेने ७.५ अब्ज डॉलरच्या युरोपी मालावर शुल्क लावलं. विमानांवर १० टक्के. चीज, वाइन आणि स्कॉटलंडच्या सिंगल माल्टवर २५! विमानाच्या पंखाशी काडीचा संबंध नसलेला व्हिस्कीवाला त्यात भाजला. जून २०२१ मध्ये पाच वर्षांचा तह झाला.

आणि एकदा लागलेलं शुल्क निघेलच असं नाही. साठीच्या दशकात युरोपने स्वस्त अमेरिकी कोंबड्यांवर शुल्क वाढवलं, म्हणून अमेरिकेने १९६४ पासून हलक्या ट्रकवर २५ टक्के लावले. कोंबड्यांचं भांडण कधीच विसरलं गेलं, ट्रकवरचे २५ टक्के राहिले. सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात तसं. त्या पिळातून काय निघालं? फोर्ड कंपनी ट्रान्झिट कनेक्ट व्हॅन तुर्कस्तानात बनवायची. मालवाहू व्हॅन म्हणून आणली तर २५ टक्के, प्रवासी म्हणून आणली तर २.५. म्हणून प्रत्येक व्हॅनला मागची सीट आणि खिडक्या बसवून ती बाल्टिमोरच्या बंदरात उतरवायची, कस्टम्समधून सुटली की सीट काढून टाकायची आणि मालवाहू म्हणून विकायची. कस्टम्सने २०१३ मध्ये हे नाकारलं, कोर्टात फोर्ड हरली आणि मार्च २०२४ मध्ये ३६.५ कोटी डॉलर देऊन प्रकरण मिटवलं. कस्टम्सचा सगळा खेळ तीन प्रश्नांचा असतो, वस्तू कोणती, मूळ देश कोणता, किंमत किती. दर वाढला की या तीनही उत्तरांत लबाडी सुरू होते. मूळ देश लपवायला माल तिसऱ्या देशातून फिरवला जातो, आणि मग त्या तिसऱ्या देशाशीही वाजतं.

दोन मित्रांचं प्रकरण कुठवर जाऊ शकतं, यासाठी मी जपान आणि दक्षिण कोरियाचं उदाहरण देतो. त्यात टॅरिफ नव्हतंच. ऑक्टोबर २०१८ मध्ये कोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने युद्धकाळातल्या सक्तीच्या मजुरीबद्दल जपानी कंपनीने भरपाई द्यावी असा निकाल दिला. जुलै २०१९ मध्ये जपानने तीन रसायनांच्या निर्यातीचे नियम बदलले: फोटोरेझिस्ट, हायड्रोजन फ्लोराइड आणि फ्लोरिनेटेड पॉलिइमाइड. पहिली दोन चिप बनवायला लागतात, तिसरं घडी होणाऱ्या स्क्रीनला. बंदी नव्हती. आधी एका परवान्यावर तीन वर्षं माल जायचा, आता प्रत्येक खेपेला वेगळा अर्ज आणि तपासणीला ९० दिवसांपर्यंत. हायड्रोजन फ्लोराइड इतकं संक्षारक, की त्याचा मोठा साठा करून ठेवणं सोपं नसतं. म्हणजे नुसत्या अर्जाच्या प्रतीक्षेने चिपचा कारखाना अडू शकतो.

जपानने कारण दिलं सुरक्षेचं. कोरियात कोणी ते खरं मानलं नाही. लोकांनी जपानी बिअर आणि कपडे घेणं सोडलं. ऑगस्टमध्ये जपानने कोरियाला विश्वासू देशांच्या यादीतून काढलं, आणि कोरियाने गुप्त लष्करी माहितीच्या देवाणघेवाणीचा करार संपवायचं जाहीर केलं. उत्तर कोरियाची क्षेपणास्त्रं उडत असताना! अमेरिकेने दोघांवर दबाव आणला, आणि नोव्हेंबरमध्ये करार संपायला काही तास उरले असताना कोरियाने निर्णय स्थगित केला. परवान्याचे निर्बंध मार्च २०२३ मध्ये उठले. तोवर कोरियन कंपन्या हायड्रोजन फ्लोराइड घरीच बनवायला शिकल्या होत्या. जपानी पुरवठादारांनी काय कमावलं, ते त्यांनाच ठाऊक.

प्रतिस्पर्ध्यांचं गणित त्यामानाने सरळ असतं. अमेरिका आणि चीन २०२५ च्या एप्रिलमध्ये १४५ आणि १२५ टक्क्यांवर पोहोचले. एवढ्या दराने व्यापार होत नाही, तो थांबतो. पण चीनने ४ एप्रिललाच सात दुर्मिळ मृदा धातूंच्या निर्यातीला परवाना लावला होता. त्यांच्याशिवाय मोटारीतले ताकदीचे चुंबक बनत नाहीत. मे महिन्यात फोर्डचा शिकागोचा कारखाना चुंबकांअभावी आठवडाभर बंद राहिला. नाक दाबलं की तोंड उघडतं. १२ मे रोजी जिनिव्हात दर ३० आणि १० वर आले. नंतरही खटके उडाले, पण दोघांनाही एकमेकांची दुखरी नस माहीत आहे आणि ती दाबायला लाज वाटत नाही.

मित्राची पंचाईत इथेच होते. युरोपीय संघाकडे ९३ अब्ज युरोंच्या मालाची यादी तयार होती. ती वापरली गेली नाही. जुलै २०२५ मध्ये स्कॉटलंडमधल्या टर्नबेरीत युरोपने आपल्या बहुतेक मालावर अमेरिकेचे १५ टक्के मान्य केले. हा विषय फक्त व्यापाराचा नाही, सुरक्षेचा आणि युक्रेनचाही आहे, असं संघाचे व्यापार आयुक्त मारोश शेफचोविच यांनी उघड सांगितलं. ज्याच्या छत्राखाली झोपायचं त्याला टोला कसा हाणणार? चीनने टोला हाणला आणि दर उतरवून घेतला. युरोपने गिळला. गिळलेलं पचतंच असं नसतं.

कॅनडाचं तर दोन्हीकडून झालं. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याने अमेरिकेच्या पावलावर पाऊल टाकत चिनी इलेक्ट्रिक मोटारींवर १०० टक्के शुल्क लावलं. मार्च २०२५ मध्ये चीनने त्याचं उट्टं काढत कॅनडाच्या कॅनोला तेलावर आणि पेंडीवर १०० टक्के लावले, ऑगस्टमध्ये कॅनोलाच्या बियांवर ७५.८. ज्या मित्राच्या शब्दाखातर हे ओढवून घेतलं, त्याने त्याच मार्चमध्ये कॅनडावर २५ टक्के लावले होते. कॅनडाच्या ओंटारियो प्रांतातल्या सरकारी दुकानांनी फळ्यांवरून अमेरिकी दारू उतरवली, ती तेव्हाच.

जानेवारी २०२६ मध्ये पंतप्रधान मार्क कार्नी बीजिंगला गेले. वर्षाला ४९,००० चिनी इलेक्ट्रिक मोटारी ६.१ टक्के दराने घ्यायचं ठरलं, बदल्यात कॅनोलावरचं शुल्क उतरवायचं. ६.१ हा कॅनडाचा सवलतीचा दर नाही, डब्ल्यूटीओच्या कोणत्याही सदस्याला मिळणारा नेहमीचा दर आहे. त्या वेळी कॅनडाच्या पोलादावर अमेरिकेच्या सीमेवर ५० टक्के लागत होते. कारण, राष्ट्रीय सुरक्षा.