‘बाटली ती बाटली’ म्हणणाऱ्या वाचकास

नमस्कार.

नाशिकजवळचं दिंडोरी आणि जॉर्जियातलं काखेती इथल्या वाईनच्या प्रवासावरच्या लेखाखाली तुम्ही मंगळवारी रात्री टाकलेली प्रतिक्रिया मी तीनदा वाचली. काढून टाक, असं घरच्यांचं म्हणणं पडलं. मी ती काढलेली नाही, पण उत्तर दिल्याशिवायही मला राहवत नाही. बाकीच्या वाचकांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. गुजरातसारख्या दारूबंदीच्या राज्यात राहणाऱ्या ‘चांगल्या मराठी घरातल्या बाईने’ वाईनची भलामण करू नये. द्राक्ष पिकवणाऱ्याच्या हातात काय पडतं आणि बागेला पाणी किती लागतं, यावर लेखात चकार शब्द नाही. वाईन ‘गाळतात’ हे चूक आहे. तब्येतीवर चार वाक्यं. आणि दारूबंदी नसलेल्या शेजारच्या दमणचा दाखला देणारं शेवटचं वाक्य: ‘बाटली ती बाटली. दमणला मिळते तीच दिंडोरीत. ती प्यायला शेतापर्यंत जायचं नाटक कशाला?’

चूक आधी कबूल करते. वाईन गाळत नाहीत, द्राक्षाचा रस आंबवतात. गाळणं म्हणजे आंबवलेलं उकळून त्याची वाफ धरणं, ब्रँडी तशी होते. घाईत चुकीचा शब्द पडला, आज दुरुस्त केला आहे. आभार.

आता ‘चांगल्या घरातली बाई’. तुम्ही मला ओळखत नाही. मी बडोद्याच्या दांडिया बाजारात वाढले, सयाजीराव विद्यापीठाच्या गृहविज्ञान शाखेत अन्न आणि पोषण शिकले, आणि पुढे तीस वर्षं हाच विषय शिकवला. आंबवणं म्हणजे काय हे मी इडलीच्या पिठापासून ताकापर्यंत शेकडो मुलींना समजावून सांगितलं आहे. हाच लेख एखाद्या गृहस्थाने लिहिला असता, तर तुम्ही त्याच्या घराण्याची चौकशी केली असती का? इथे माझ्याशी कडाडून भांडणारे वाचक आहेत. उपासाच्या पदार्थांवरच्या लेखावर तर आठवडाभर वाद चालला होता. पण सुरुवात सगळे ‘ताई’ म्हणून करतात आणि मग भांडतात. तुम्ही सुरुवातच माझ्या घरापासून केलीत. ही रीत नव्हे. आणि कायद्याचं म्हणाल, तर १ मे १९६० ला गुजरात वेगळं झालं तेव्हापासून इथे दारूबंदी आहे, हे बडोद्यातल्या माणसाला सांगावं लागत नाही. नाशिकहून येताना लागणाऱ्या सापुताऱ्याच्या नाक्यावरून मी आजवर एक थेंब आणलेला नाही.

तुमच्या शेवटच्या वाक्यावर मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. ते वाक्य मला लागलं.

माझं आजोळ पिंपळगाव बसवंतचं. लहानपणी दरवर्षी आम्ही सप्तशृंगीच्या दर्शनाला जायचो. वणीला उतरायचो, गड करायचो आणि मग मामाकडे आठ दिवस. मामाची थॉमसनची, म्हणजे खाण्याच्या बिनबियांच्या द्राक्षाची बाग होती, मंडपावर चढवलेली. खाली उभं राहिलं की डोक्यावर हिरवं छत आणि त्यातून लोंबणारे घड. खाण्याचं द्राक्ष कसं लांबट, फुगीर आणि पातळ सालीचं करतात, घड जीएच्या (मणी फुगवणाऱ्या संजीवकाच्या) पाण्यात कसे बुडवतात, हे मी परकराच्या वयात पाहिलं आहे. शेत मला कुणी माहितीपत्रकातून दाखवलेलं नाही.

महाराष्ट्राचं द्राक्ष प्रक्रिया धोरण २००१ साली आलं. त्यानंतर मामेभावाने दोन एकर वाईनच्या द्राक्षाला दिले, शेनिन ब्लां नावाच्या पांढऱ्या वाणाला. ही बाग मंडपावर नसते, तारांवर भिंतीसारखी उभी असते. मणी लहान, साल जाड, आत बी. पहिल्यांदा तोंडात टाकला तेव्हा ‘हे काय द्राक्ष?’ असंच माझ्या तोंडून निघालं. भावाने दुसरा मणी चुरडून रिफ्रॅक्टोमीटरच्या, म्हणजे रसातली साखर मोजायच्या नळीच्या काचेवर थेंब टाकला आणि नळी उजेडाकडे धरून माझ्या हातात दिली. आत निळ्या-पांढऱ्याची रेघ बावीसच्या वर थांबली होती. मग म्हणाला, आता बी चावून बघ. बी तपकिरी झालेली होती, दाताखाली कडकन फुटली. ती हिरवी आणि चिवट असेल तर साखर कितीही भरलेली असो, तोडायची घाई करायची नाही. हे मला दमणच्या दुकानातल्या बाटलीवर वाचायला मिळालं नसतं.

आपल्याकडे हा वेल वर्षातून दोनदा छाटतात, एप्रिलात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता गोड्या बहाराची, म्हणजे फळ धरण्यासाठीची. म्हणून फ्रान्समध्ये सप्टेंबरात होणारी तोडणी नाशकात जानेवारी ते मार्चमध्ये येते. फेब्रुवारीत पहाटे उठून बागेत गेलं की क्रेट भरणाऱ्या बायकांच्या बोटांना थंडी चिकटलेली असते. ऊन चढायच्या आत माल हलवायचा, कारण गरम झालेला घड वाटेतच आंबायला लागतो. त्या दिवशी दुपारी भावाकडे बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत आणि ठेचा होता. बरोबर थंड शेनिन. भरीताच्या तेलकटपणावर तिचा आंबटपणा लिंबासारखा चालला. हौसेने ठेच्याबरोबर शिराझ ही लाल वाईन घेतली तर जिभेला आग लागली. तुरटपणा आणि मद्य दोन्ही तिखट भडकवतात, हे मी वर्गात शिकवत आले होते, जिभेवर तेव्हा कळलं.

काखेतीचं तसंच. जॉर्जियाच्या पूर्वेचा हा भाग. तेलावीजवळच्या गावात एका म्हाताऱ्या गृहस्थांनी एप्रिलअखेर आम्हाला त्यांचं तळघर दाखवलं. तिथे जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले मातीचे प्रचंड रांजण असतात, क्वेव्री. आपल्याकडे ज्वारीची पेवं असत, तशी तोंडं जमिनीच्या पातळीला. पांढऱ्या द्राक्षाचा रस सालं, बिया, देठांसकट आत घालतात, तोंड लिंपतात आणि पाच-सहा महिने हात लावत नाहीत. त्यांनी झाकणावरची ओली माती हाताने खरवडली, दगडी झाकण सरकवलं आणि लांब काठीला बांधलेल्या वाळक्या तुंब्याच्या पळीने वाईन काढली. रंग कोऱ्या चहासारखा. तुरटपणाही तसाच. वाळलेल्या जर्दाळूचा वास, आणि त्याच्या मागे मातीचा. मग त्यांच्या पत्नीने अक्रोडाचं वाटण भरलेली वांगी आणि मातीच्या भांड्यातला राजमा पुढे ठेवला. अक्रोडाऐवजी दाण्याचं कूट घाला, की ती आपली भरली वांगी. त्या टेबलावर मला वाटेल तेवढं हसू आलं आणि थोडं रडूही आलं, कारण आईची आठवण झाली. क्वेव्रीच्या पद्धतीला युनेस्कोने २०१३ साली वारसा म्हणून मान्यता दिली. त्या देशात सापडलेल्या मडक्यांच्या तुकड्यांवर सुमारे ८००० वर्षांपूर्वीच्या वाईनच्या खुणा मिळाल्या आहेत. तुम्ही याला नाटक म्हणता.

मी प्यायला जात नाही. दोन घोटांवर माझा पेला थांबतो, बरोबरच्यांना विचारा. ज्याने वेल लावला त्याच्या ताटाशेजारी बसून, त्याच्याच घरच्या जेवणाबरोबर ती वाईन चाखायला मी जाते. आंबा खायला देवगडला जाणाऱ्याला तुम्ही कधी असं विचारलं आहे का?

राहिलं शेतकऱ्याचं. मला ते शिकवू नका. २००९ मध्ये मंदीत भावाचा ज्या वायनरीशी करार होता, तिने माल उचलायचं थांबवलं. घड वेलावर सुकले. त्याने ते दोन एकर उपटले आणि पुन्हा थॉमसन लावली. मामी त्या वर्षी सणाला आमच्याकडे आल्या नाहीत. हे मी लेखात लिहिलं नाही, कारण तो लेख जेवणाबद्दल होता. पाण्याचा प्रश्न खरा आहे, पण त्याची जागा तिथे नव्हती. तब्येतीवर तुम्ही जी चार वाक्यं लिहिलीत, त्यांना मी उत्तर देत नाही. ती कुठल्याही बाटलीवर छापलेली असतात.

येत्या फेब्रुवारीत मी पुन्हा दिंडोरीला जाणार आहे आणि त्यावर लिहिणारही आहे. तुम्हाला पटलं नाही तर जरूर लिहा, मी छापीन. पण खाली नाव घाला. ‘एक जुना वाचक’ अशा सहीला मी दुसऱ्यांदा उत्तर देणार नाही.