सातबारा आहे, 12 ए नाही

आमच्या भजनी मंडळाच्या पखवाजाची पुडी, म्हणजे तोंडावरचं चामडं, फाटली आणि त्यावरून परवा कट्ट्यावर जी जुंपली, ती तीनदा चहा झाला तरी मिटेना.

गाव सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या सड्याखालचं, म्हणजे पठाराखालचं. वर पवनचक्क्या फिरताना बघतच आमची पिढी मोठी झाली. आप्पा पुडीसाठी अर्ज घेऊन वरच्या एका पवनचक्की कंपनीच्या साईट ऑफिसात गेलेले. साहेबानं विचारलं, "मंडळाचं आयकर नोंदणीचं 12 ए, 80 जी आहे का?" आप्पा म्हणाले, "सातबारा हाय, 8 अ हाय. आणू का?"

सगळे हसलो. मास्तर तेवढे हसले नाहीत.

"साहेब खोटं नाही बोलला. 2021 पासून नियम तसाच आहे. सीएसआरचा, म्हणजे कंपनीनं समाजासाठी खर्चायचा, पैसा बाहेरच्या संस्थेमार्फत खर्चायचा तर संस्था नोंदलेली पाहिजे, 12 ए, 80 जी पाहिजे, तीन वर्षांचं काम पाहिजे, वर सरकारकडं नोंदणीचा सीएसआर-1 फॉर्म."

"पखवाजाच्या पुडीला?" दाजी उसळले.

"पुडीला काय नि दवाखान्याला काय, कागद तेवढाच."

वायरमनभाऊ बरीच वर्षं वर नोकरीला होता. तो म्हणाला, "आधी सीएसआर कुणाचा ते सांगा. चक्क्या काय एका मालकाच्या हायेत? कुणाच्या दोन, कुणाच्या पाच. घसाऱ्याची करसवलत होती म्हणून वाऱ्याशी संबंध नसलेल्यांनीबी लावल्या. मालक एक, देखभाल करणारा दुसरा. अर्ज द्यायचा कुणाला?"

यावर मास्तरांनी कायदाच काढला. निव्वळ नफा 5 कोटी, उलाढाल 1000 कोटी किंवा नक्त मालमत्ता 500 कोटी, यातलं एक तरी असेल तरच सरासरी नफ्याचे 2 टक्के सीएसआरला खर्चायचं बंधन. दोन चक्क्यांचा छोटा मालक त्यात बसेलच असं नाही. आणि जो बसतो त्यानं कामाच्या आसपासच्या भागाला प्राधान्य द्यावं असं कायदा म्हणतो. आता आसपास म्हणजे सडा की मुंबईचं हेड ऑफिस, ते ज्यानं त्यानं ठरवायचं.

मग मी माझं घोडं पुढं दामटलं. मावसभाऊ ग्लासगोला असतो. तिथं जवळच व्हाइटली म्हणून पवनचक्क्यांचं रान आहे, 215 चक्क्या. स्कॉटलंड सरकारनं दर सुचवलाय : एका मेगावॉटमागं वर्षाला 5000 पौंड, आसपासच्या गावांना, महागाईप्रमाणं वाढते. त्यातून छोट्या मंडळांना, क्लबांना पैसे मिळतात. आपल्याकडची जुनी 350 किलोवॉटची एक चक्की धरा. 1750 पौंड. पौंड शंभराला धरला तरी पावणेदोन लाख!

"एका चक्कीचं?" आप्पांनी कप खाली ठेवला. "वर्साला?"

"पण सक्ती आहे का?" मास्तरांनी बरोबर दुखरी नस दाबली. नाही, ते नुसतं मार्गदर्शक तत्त्व आहे, हे मला कबूल करावं लागलं.

"मंग तिथंबी मर्जीच!" दाजींना जोर चढला. "मी म्हणतो असली भीक मागायचीच कशाला? चक्क्यांवरचा ग्रामपंचायतीचा कर पै-पै वसूल करा. त्यो हक्काचा."

"करातनं पंचायतीनं मंडळाला कधी चामड्याचा तुकडा तरी दिलाय का? गटार, पेव्हर ब्लॉक, कमान. बचत गटाच्या बायका गिरणीसाठी दोन वर्सं झिजल्या. पखवाजाच्या धुमाला लावाय कणीक घरनं आणतो आम्ही." आप्पांचा आवाज चढला होता.

दाजींचं म्हणणं तत्त्वाला धरून आहे, पण मी आप्पांच्या बाजूचा. कर हवाच. त्यापलीकडं चार माणसांच्या हौसेला, गरजेला पुरेल असा थोडा पैसा गावात थेट यावा, आणि तो साहेबाच्या मूडवर नाही, मेगावॉटवर ठरावा. दहा हजारांच्या कामाला एक पानी अर्ज पुरे. (साहेबाचा मूड कसा असतो ते शाळेनं बघितलंय. पोरं अकरा, दप्तरं आली चाळीस, सगळ्यांवर कंपनीचा शिक्का. उरलेल्यांत आता कांद्याचं बी ठेवतात.)

"कंपनी परस्पर पुडी बसवून देऊ शकते की," मास्तर सावकाश म्हणाले. "स्वतः खर्च केला तर संस्थेचा कागद लागत नाही. पण एवढ्याशा कामासाठी कोण हलतंय? त्यापेक्षा संस्था नोंदवा. तीन वर्षांनी का होईना, दार उघडेल. सात माणसं लागतात."

लगेच मोजदाद सुरू झाली. आप्पा, मास्तर, वायरमनभाऊ, मी, मृदंगवाला, चहावाला. सहा. सगळ्यांनी दाजींकडं बघितलं.

"अध्यक्ष करणार असाल तर," दाजी म्हणाले.