‘मशीन लावलं की मेंदू आळशी होतो’ म्हणणाऱ्या फॉरवर्डला उत्तर

सध्या ठाण्यातल्या ज्येष्ठ नागरिक संघांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक लांबलचक मेसेज फिरतोय. वर जोडलेले हात, खाली ‘किमान दहा जणांना पाठवा, पुण्य लागेल’. मी नौपाड्यात कानाच्या तपासण्या करते. हल्ली ऑडिओग्राम काढायला बसवायच्या आधीच समोरचे काका मोबाइल पुढे करतात, “मॅडम, हे खरं का हो?”

मेसेजमध्ये पाच दावे आहेत. कमी ऐकू येणं ही अल्झायमरची पहिली खूण. कानाचं मशीन लावलं की मेंदू आळशी होतो आणि उरलंसुरलं ऐकणंही जातं. मेंदूतल्या रोगप्रतिकारक पेशीच मेंदू खातात असं परदेशी शास्त्रज्ञांना सापडलंय, म्हणून रोज काढा पिऊन प्रतिकारशक्ती वाढवा. लसूण टाकून कोमट केलेलं मोहरीचं तेल कानात सोडा, मेलेली नस जिवंत होते. आणि खारघरला आता पेशींचं इंजेक्शन मिळतं, त्याने स्मरणशक्ती परत येते आणि कानही उघडतात. त्याखाली एक मोबाइल नंबर.

सगळंच थापेबाजीचं असतं तर मी डिलीट करून मोकळी झाले असते. पण लिहिणारा हुशार आहे. तीन-चार ठिकाणी त्याने खऱ्या संशोधनाचा तुकडा उचललाय आणि त्याला हवं तिथे मुरडलाय.

‘कमी ऐकू येतं म्हणजे अल्झायमर सुरू झाला’

हा दावा जिथून आला तो अभ्यास मला माहीत आहे. अमेरिकेत बाल्टिमोरला डॉ. फ्रँक लिन यांच्या गटाने ६३९ जणांची श्रवणशक्ती मोजली, अनेक वर्षं त्यांचा मागोवा घेतला आणि २०११ मध्ये निष्कर्ष छापले. ज्यांना थोडं कमी ऐकू येत होतं त्यांच्यात डिमेन्शियाचा (म्हणजे स्मृतिभ्रंशाचा; अल्झायमर हा त्याचाच सगळ्यात जास्त आढळणारा प्रकार) धोका साधारण दुप्पट, मध्यम बहिरेपणात तिप्पट आणि तीव्र बहिरेपणात जवळपास पाचपट दिसला. मेसेजवाल्याने ‘पाचपट’ तेवढं उचललं. तीव्र बहिरेपणाच्या त्या गटात माणसं होती फक्त ६. आणि ६३९ पैकी डिमेन्शिया झाला ५८ जणांना. कमी ऐकू येणारे १८४ होते, म्हणजे त्या ५८ मध्ये सगळेच्या सगळे कमी ऐकणारे धरले तरीही कमी ऐकणाऱ्यांपैकी बहुतेकांचा मेंदू शाबूत होता.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२४ मध्ये डिमेन्शियाचा धोका वाढवणारे, टाळता येण्याजोगे १४ घटक मांडले. त्यांत मधुमेह, रक्तदाब, धूम्रपान, एकटेपणा, कोलेस्टेरॉल यांच्या रांगेत बहिरेपणही आहे, ७ टक्क्यांचा वाटा घेऊन. या ७ टक्क्यांचा अर्थ ‘शंभर बहिऱ्यांपैकी सातांना अल्झायमर’ असा नाही. बहिरेपण हे खरोखरच कारण असेल आणि ते जगातून पुसता आलं, तर डिमेन्शियाच्या एकूण रुग्णांत अंदाजे तेवढी घट होईल, असा तो हिशेब आहे. त्यातलं ‘असेल तर’ महत्त्वाचं. कान आणि मेंदू दोन्ही एकाच वेळी खराब करणारं तिसरंच काही, उदाहरणार्थ बारीक रक्तवाहिन्यांचा आजार, मागे असू शकतं. किंवा ऐकण्यासाठी इतका जोर लावावा लागतो की लक्षात ठेवायला मेंदूकडे ताकद उरत नाही. किंवा माणूस कट्ट्यावर जायचंच सोडतो. यातलं नेमकं किती कोणाचं, यावर अजून वाद चालू आहे.

शिवाय साठीनंतर ऐकू कमी येणं इतकं सर्रास आहे की ती कशाची ‘खूण’ म्हणून उपयोगाचीच नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते साठीपुढच्या चारांपैकी एकाहून अधिकांना त्रासदायक बहिरेपण असतं. भारतात साठीपुढच्यांत डिमेन्शियाचं प्रमाण ७.४ टक्के निघालं आहे.

उलटी गल्लत मात्र मी नेहमी बघते. कळव्याच्या एका आजींना मुलगा घेऊन आला होता, ‘आईला विसरायला लागलंय’ म्हणून. त्यांची स्मरणशक्तीची तोंडी चाचणी आधी कुठेतरी झाली होती आणि तीन शब्दांपैकी एकच आठवल्याची नोंद होती. मी हेडफोन लावून, आवाज वाढवून तेच शब्द सांगितले. पाच मिनिटांनी आजींनी तिन्ही म्हणून दाखवले, वर मलाच विचारलं, “आणि काय विचारायचंय?” शब्द विसरायला आधी ते कानात शिरायला तर हवेत! म्हणून विसरभोळेपणाची तक्रार असेल तर कान आधी तपासावेत. मेसेजमधून घेण्यासारखी गोष्ट असलीच तर ही, आणि नेमकी तीच त्यात नाही.

‘मशीनने मेंदू आळशी होतो’

पाचांमधला सगळ्यात घातक दावा हाच, कारण तो लगेच पटतो. काठी घेतली की पाय कमजोर होतात, या चालीवर.

प्रत्यक्षात घडतं ते बरोबर उलट. दोन्ही कान सारखेच अधू असलेल्या माणसाच्या एकाच कानाला मशीन लावलं, तर मशीन नसलेल्या कानाची शब्द ओळखण्याची क्षमता काही वर्षांत घसरत जाते. हे १९८४ मध्येच दाखवलं गेलंय. आवाज पोचला नाही की मेंदूची त्या आवाजाशी ओळख तुटते. वयोमानाच्या बहिरेपणात बहुधा आधी उंच पट्टीचे आवाज जातात: स, श, ट, थ, फ. स्वर ऐकू येत राहतात. म्हणून तर तक्रार ठरलेली असते, “ऐकू येतं, पण कळत नाही.” ठाणे स्टेशनच्या घोषणेत सात नंबर फलाट की आठ नंबर, हा घोटाळा तिथूनच होतो. घरचे मग ओरडून बोलतात आणि आजोबा खेकसतात, “अरे ओरडतोस कशाला?” हळू आवाज ऐकूच येत नाही आणि मोठा एकदम बोचतो, हे आतल्या कानाच्या या बिघाडाचं लक्षणच आहे. त्यात खोटेपणा नाही की हट्टीपणा नाही.

मेसेजच्या बाजूने एक गोष्ट कबूल. ऑनलाइन हजार-पाचशेला मिळणारी, तपासणीशिवाय लावायची मशीन सगळेच आवाज सरसकट वाढवतात. त्याने रिक्षाचा हॉर्न डोक्यात जातो, बोलणं तेवढंच अस्पष्ट राहतं आणि जास्त जोराच्या आवाजाने कानाला इजाही होऊ शकते. आठवड्याभरात ते मशीन कपाटाच्या खणात जातं आणि ‘मशीनचा काही उपयोग नाही’ ही बातमी सोसायटीभर होते. नीट बसवलेल्या मशीनलाही सवय व्हायला काही आठवडे जातात. पावसाळ्यात ते रात्री सिलिका जेलच्या डबीत ठेवावं लागतं, नाहीतर ठाण्याच्या दमट हवेत जुलैमध्येच बंद पडतं.

आता आमच्या धंद्यातल्या लोकांना न आवडणारी गोष्ट. मशीन विकणाऱ्यांच्या जाहिरातीही तितक्याच बनेल असतात: ‘मशीन लावा, डिमेन्शिया टाळा’. २०२३ मध्ये ब्रिटनच्या चार लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवर बेतलेला एक लेख लॅन्सेट पब्लिक हेल्थमध्ये आला. मशीन न वापरणाऱ्या बहिऱ्यांत डिमेन्शिया ४२ टक्के जास्त, असं त्यात होतं. जाहिराती लगेच छापल्या गेल्या. डिसेंबरमध्ये तो लेख मागे घेतला गेला, कारण विश्लेषणात मशीन वापरणारे आणि न वापरणारे यांची अदलाबदल झाली होती! तो ४२ चा आकडा अजूनही पत्रकांवर दिसतो.

भरवशाची चाचणी त्याच वर्षीची, अमेरिकेतली. ७० ते ८४ वयाचे ९७७ लोक. निम्म्यांना मशीन आणि समुपदेशन, निम्म्यांना फक्त आरोग्याचे धडे. तीन वर्षांनी दोन्ही गटांच्या बुद्धीच्या चाचण्यांत म्हणावा असा फरक नव्हता. त्यातले २३८ जण हृदयरोगाच्या एका जुन्या अभ्यासातून आलेले होते, वयाने जास्त आणि धोकाही जास्त असलेले. त्यांच्यात मात्र घसरण ४८ टक्क्यांनी मंदावली. म्हणजे काहींना फायदा होतोसा दिसतो, सरसकट नाही. मी पेशंटला सांगते ते एवढंच, की नातीचं बोलणं आज कळावं म्हणून मशीन लावा. ते लावून अल्झायमर टळेल असं लिहून देणाऱ्याच्या दुकानातून उठून या.

‘प्रतिकारक पेशी मेंदू खातात, म्हणून प्रतिकारशक्ती वाढवा’

हे वाक्य पुन्हा वाचा. पेशी मेंदू खातात, तर त्यांना आणखी बळ कशाला द्यायचं? काढा विकायच्या घाईत लिहिणाऱ्याच्या हे लक्षात आलेलं नाही.

या पेशींचं नाव मायक्रोग्लिया. स्पॅनिश संशोधक पीओ देल रिओ-ओर्तेगा यांनी त्या १९१९ मध्ये वेगळ्या ओळखून दाखवल्या. मेंदूतला कचरा उचलणं आणि घुसखोरांवर नजर ठेवणं, ही दोन्ही कामं त्या करतात. अल्झायमरमध्ये साचणाऱ्या अमायलॉइड या प्रथिनाच्या गाठींभोवती त्या वेढा घालून बसतात. २०१३ मध्ये दिसलं की या पेशींवरच्या ट्रेम-२ नावाच्या ग्राहकात (रिसेप्टर, म्हणजे संदेश पकडणाऱ्या प्रथिनात) एक विशिष्ट दोष असेल तर अल्झायमरचा धोका साधारण तिपटीने वाढतो. म्हणजे पेशी कमी पडल्या तरी आजार. आणि २०१६ मध्ये बॉस्टनच्या बेथ स्टीव्हन्स यांच्या गटाने उंदरांत दाखवलं, की आजाराच्या अगदी सुरुवातीला याच पेशी मज्जापेशींमधले चांगले सांधेही गिळतात. मेसेजमधलं ‘मेंदू खातात’ ते इथलं असावं. उंदीर मात्र वाटेत गळाला.

मग ट्रेम-२ ला चालना देणारं औषध काढू, असा सरळ विचार झालाही. त्याची माणसांवरची मोठी चाचणी नोव्हेंबर २०२४ मध्ये अपयशी ठरली. प्रयोगशाळेत घडवलेल्या प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) जे जमलं नाही ते गुळवेल-सुंठीच्या काढ्याला जमणार असेल तर फारच छान! अमायलॉइड साफ करणारं लेकानेमॅब हे औषध मायक्रोग्लियांनाच कामाला लावतं. १,७९५ जणांच्या चाचणीत १८ महिन्यांत त्याने घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. थांबवली नाही, उलटवली तर नाहीच. आजार अगदी प्राथमिक असेल तरच ते देतात, आणि मेंदूला सूज येण्याचा किंवा रक्तस्राव होण्याचा धोका असल्याने वरचेवर एमआरआय करत राहावे लागतात.

‘प्रतिकारशक्ती वाढवा’ हा सल्ला मेंदूच्या बाबतीत नुसता पोकळ नाही, कधी कधी उफराटा आहे. मल्टिपल स्क्लेरोसिसमध्ये शरीराच्याच प्रतिकारक पेशी मज्जातंतूंवरचं आवरण कुरतडतात आणि उपचार म्हणून त्यांना लगाम घातला जातो. कानातही असं होतं: आतल्या कानावर स्वतःचीच प्रतिकारयंत्रणा उलटल्याचं १९७९ मध्ये डॉ. ब्रायन मॅककेब यांनी नोंदवलं. तिथे स्टेरॉइड देतात, काढा नव्हे.

प्रतिकारशक्ती आणि डिमेन्शिया यांच्यातला खरोखर कुतूहलाचा धागा दुसरीकडेच आहे. वेल्समध्ये नागिणीची लस २ सप्टेंबर १९३३ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना मिळाली, त्याआधीच्यांना नाही. जन्मतारखेचा आठवडाभराचा फरक, बाकी माणसं सारखीच. २०२५ मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या हिशेबानुसार लस घेतलेल्यांत सात वर्षांत डिमेन्शिया सुमारे एक पंचमांशाने कमी निघाला. असं का झालं, ते अजून कळलेलं नाही. याचा मेसेज कोणी फॉरवर्ड करत नाही.

‘लसणाचं तेल घाला, नस जिवंत होते’

तेल बाहेरच्या नळीत जातं आणि पडद्याशी थांबतं. ऐकण्याच्या पेशी पडद्यापलीकडे, हाडाच्या आत, शंखासारख्या वेटोळ्यात असतात, एका कानात साधारण १६,००० आणि त्याही जन्मतःच मोजून मिळालेल्या. कोंबडीच्या कानात त्या पुन्हा उगवतात, माणसाच्या नाही. पडद्याला भोक असेल तर तेल मात्र थेट मधल्या कानात उतरतं आणि जंतुसंसर्ग होतो. भोक नसलं तरी पावसाळ्यात तेलकट, दमट कानात बुरशी धरते. जून ते सप्टेंबर काळ्या-पांढऱ्या बुरशीने भरलेले कान दुर्बिणीखाली दिसले की पहिला प्रश्न “तेल घातलं का?” हाच असतो, आणि उत्तर आधी नेहमी “नाही” असतं.

यात एक धोका फार मोठा आहे. सकाळी उठल्यावर एक कान अचानक बंद झाला, आत शिट्टी वाजतेय, गरगरतंय, तर ते मळामुळे असेलही, पण अचानक आलेलं नसांचं बहिरेपणही असू शकतं. त्यात स्टेरॉइड जितक्या लवकर तितकं बरं, शक्यतो पहिल्या दोन आठवड्यांत. ते दिवस तेल घालण्यात गेले की पुढे माझ्याकडे मशीन बसवण्यापलीकडे काही उरत नाही. अशा वेळी मेसेज शोधू नका, त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञांकडे जा. वाशी असो की वर्तकनगर, ते पाच-दहा मिनिटांवर असतातच.

‘खारघरला पेशींचं इंजेक्शन’

खारघरमध्ये टाटा मेमोरियलचं ॲक्ट्रेक हे कॅन्सर उपचार-संशोधन केंद्र आहे आणि पेशींच्या उपचारात तिथे मोलाचं काम झालंय, हे खरं. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून नेक्सकार-१९ ही भारताची पहिली कार-टी उपचारपद्धती उभी राहिली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिला मंजुरी मिळाली. रुग्णाच्याच टी-पेशी (रक्तातल्या एक प्रकारच्या प्रतिकारक पेशी) काढून, त्यांत बदल करून परत सोडतात. ती आहे बी-पेशींच्या रक्ताच्या आणि लसिकाग्रंथींच्या कॅन्सरसाठी. अल्झायमर आणि बहिरेपणाशी तिचा काही संबंध नाही. उलट कार-टी उपचारांत काही रुग्णांना गोंधळल्यासारखं होणं, बोलता न येणं असे मेंदूचे त्रास होतात आणि त्यासाठी त्यांना दवाखान्यात डोळ्यांत तेल घालून सांभाळावं लागतं. स्मरणशक्ती यावी म्हणून हे कोणी देत नाही.

मेसेजमधला नंबर अर्थातच ॲक्ट्रेकचा नाही. त्या नंबरवर ‘स्टेम सेल’ (मूळपेशी) विकले जातात, असं फोन करून आलेल्या एका काकांनी सांगितलं. आयसीएमआरची (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात, की रक्ताच्या काही आजारांतलं मूळपेशींचं प्रत्यारोपण सोडलं तर बाकी सगळा वापर मान्य चाचणीतच व्हायला हवा आणि त्या चाचणीसाठी रुग्णाकडून पैसे घेता येत नाहीत. देशातल्या प्रत्येक क्लिनिकल चाचणीची सीटीआरआय या सरकारी ऑनलाइन नोंदवहीत नोंदणी २००९ पासून सक्तीची आहे, आणि ती कोणालाही मोबाइलवर बघता येते. तेव्हा त्या नंबरवर फोन करायचाच असेल तर दोनच गोष्टी विचारा: सीटीआरआय नंबर काय, आणि चाचणी असेल तर पैसे कसले मागता?